अडॅप्टर खराब होता, मदरबोर्ड दुरुस्तीचे साडेसहा हजार घेतले

हे लिहायला तसा उशीरच झाला, पण दिवाळी अंकाचं काम संपल्याशिवाय डोकं ठिकाणावर नव्हतं. ज्यांच्याकडे जुना लॅपटॉप आहे आणि तो दुरुस्तीला टाकायच्या विचारात आहेत त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचा. दुकानाचं नाव मी घेणार नाही. तक्रार केलेली आहे, ती तिच्या मार्गाने चालू आहे.

मी सांगलीत घरून डीटीपीचं (कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं) काम करते. लग्नपत्रिका, स्मरणिका, शाळांची हस्तलिखितं, आणि वर्षातून एकदा दोन दिवाळी अंक. माझ्याकडे डेलचा लॅटिट्यूड ई6430 आहे, मॉडेल 2012 सालचं, मी सेकंडहँड घेतला 2016 मध्ये. नवीन का घेत नाही असं सगळे विचारतात. माझी निम्मी गिऱ्हाइकं अजून जुन्या पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरच्या फायली घेऊन येतात, युनिकोडच्या आधीचे फॉन्ट, ते सगळं या मशीनवर बसवलेलं आहे आणि नीट चालतं, नवीन मशीनवर ते पुन्हा जमवायचं म्हणजे महिनाभराचा खेळ. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत आलं तेव्हा ह्यांनी गहू-तांदूळ वर नेले आणि मी हा लॅपटॉप दुपट्यात गुंडाळून वरच्या मजल्यावर नेला होता. 2020 मध्ये मी त्यात 500 जीबीची एसएसडी (जलद डिस्क) टाकली आणि रॅम, म्हणजे काम चालू असताना लागणारी मेमरी, 8-8 जीबीच्या दोन पट्ट्या टाकून 16 केली, त्याचं बिल फाईलला होतं, हे बिल पुढे फार कामाला आलं.

तर झालं असं की ऑगस्टच्या शेवटी (2025 ची गोष्ट) लॅपटॉप एकदम मरगळला. फोटोशॉप उघडायला चार मिनिटं, टाईप केलेलं अक्षर उशिरा उमटायचं, आणि बॅटरी चार्जच होईना, चार्जर (अडॅप्टर) लावलेला असायचा तरी टक्के तिथल्या तिथे. चालू करताना काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी मेसेज यायचा, मी तो न वाचता बटण दाबून पुढे जायचे. ही माझी चूक. तो मेसेज मी तेव्हाच वाचला असता तर सगळं प्रकरण 1,100 रुपयांत संपलं असतं.

दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने माझ्यासमोर चालू केला, तोच मेसेज आला, त्याने तो बघितला, मला पक्कं आठवतंय की त्याने तो बघितला, आणि मशीन बंद करून म्हणाला, "ताई, मदरबोर्डचा चार्जिंग सेक्शन गेलाय. चिप लेव्हलचं काम आहे." म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरच्या चिपा बदलायचं काम. मग म्हणाला की ऑक्टोबरमध्ये विंडोज 10 बंदच होतंय, हा लॅपटॉप तसाही भंगार, चार हजार देतो, आमच्याकडचा दुसरा घ्या. मी घाबरले ना. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार होता हे खरंच आहे, पण सपोर्ट संपणं म्हणजे नवीन सुरक्षा अपडेट येणं थांबणं, त्या दिवशी लॅपटॉप बंद पडत नाही. हा फरक तो सांगत नाही, गिऱ्हाइकाला वाटतं मशीनच मेलं. मी म्हटलं विकायचा नाही, दुरुस्त करा. त्याने जॉब शीटवर, म्हणजे दुरुस्तीला घेतल्याच्या कागदावर, लिहिलं, "चार्ज होत नाही, स्लो आहे". बस. आत काय काय आहे, रॅम किती, डिस्क कोणती, काहीच नाही. वर पासवर्ड मागितला, तो एका चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपला चिकटवला. मी दिला. माझ्या त्या मशीनवर गिऱ्हाइकांचे आधार कार्डाचे स्कॅन, लोकांचे फोटो, सगळं होतं.

पाच दिवसांनी फोन आला. मदरबोर्ड दुरुस्ती 6,500, नवी बॅटरी 2,400, नवा अडॅप्टर 1,100, दहा हजार होतात पण तुमच्यासाठी 9,800, आणि आतून क्लीनिंग फ्री. बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटीचं बिल घेतलं तर 18 टक्के वर लागतील. मी पक्कं बिल घेतलं नाही, पैसे मात्र यूपीआयने दिले. जुनी बॅटरी मागितली तर म्हणाला ती ई-वेस्टला गेली. जुना अडॅप्टर काउंटरखाली पडलेला मला दिसला, तो मी उचलून पिशवीत टाकला, तो "राहू दे ताई, काय उपयोग" म्हणत होता तरी.

घरी आणल्यावर चार्ज व्हायला लागला, मला वाटलं चला, पैसे गेले पण काम झालं. दोन दिवसांनी दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ फोटोशॉपमध्ये आणि आतली पानं पेजमेकरमध्ये, दोन्ही एकदम उघडलं, जे मी गेली पाच वर्षं करत आलेय, आणि मशीन अडकायला लागलं. तेवढ्यात लाईट गेली. नव्या बॅटरीवर 60 टक्के दाखवत होतं, आणि तिथून एकदम फट्कन बंद. सेव्ह न केलेली अकरा पानं गेली.

माझा भाचा मिरजेला असतो, त्याला या गोष्टींची आवड आहे. तो रविवारी आला. त्याने पहिल्यांदा टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्स, मेमरी. "मावशी, तू 16 म्हणाली होतीस ना? इथे 8 आहे." दोन्ही खाचे भरलेले, पण 4-4 च्या पट्ट्या. मग तळाचे स्क्रू काढून झाकण उघडलं. माझ्या पट्ट्यांवर ज्या कंपनीचं स्टिकर होतं ते नव्हतंच, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या घासलेल्या पट्ट्या, एकीवर मार्करने काहीतरी नंबर टाकलेला. आणि पंख्याजवळ, जिथून गरम हवा बाहेर पडते त्या पितळी रंगाच्या जाळीवर, गोधडीतल्या कापसासारखा धुळीचा थर, बोटाने सोलून अख्खा निघाला. म्हणजे झाकण उघडलं होतं ते रॅम काढायला. पंखा तिथेच समोर आहे, एक ब्रश मारायलासुद्धा हात वळला नाही, आणि मला सांगितलं क्लीनिंग फ्री.

मग बॅटरी. तिच्यावर छापलंय 6 सेल, 60 वॉट-अवर. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला तर तिथेही सगळं छान, फुल कपॅसिटी साठच्या घरात. भाचा म्हणाला यावर विश्वास ठेवू नकोस, हा आकडा बॅटरीतली चिप सांगते, त्यात काहीही भरून ठेवता येतं. त्याने मला भाजणीचा वजनकाटा आणायला सांगितला, मी दिवाळीत चकलीच्या पिठाला वापरते तो डिजिटल. अशा बॅटरीत आत जाड पेन्सिल सेलसारखे गोल सेल असतात, 18650 म्हणतात, एकेक साधारण 45 ग्रॅमचा. सहा सेल म्हणजे नुसते सेलच 270 ग्रॅम, वर प्लास्टिकचं कवच आणि सर्किट. आमची "नवी 6 सेल" बॅटरी भरली 188 ग्रॅम. आम्ही त्या काट्याकडे बघत बसलो. सहाच्या जागी तीनच सेल घातले असले तरच हे वजन जुळतं. कवच सहाचं, चिपमध्ये आकडा सहाचा, पैसे सहाचे. हलवून बघितली तर आत काहीतरी सरकत होतं.

आणि आता मुख्य गोष्ट. भाच्याने तो पिशवीतला जुना अडॅप्टर काढला आणि लावून लॅपटॉप चालू केला. काळा स्क्रीन, आणि तोच मेसेज. या वेळी मी वाचला. त्यात सरळ लिहिलेलं होतं की अडॅप्टर कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखता येत नाही, त्यामुळे सिस्टीम हळू चालेल आणि बॅटरी चार्ज होणार नाही. हळू चालेल आणि चार्ज होणार नाही! माझ्या दोन्ही तक्रारी जशाच्या तशा कंपनीने स्क्रीनवर छापून ठेवलेल्या.

डेलच्या या जुन्या लॅपटॉपमध्ये अडॅप्टरच्या गोल पिनेत मधोमध सुईसारखी एक बारीक पिन असते. वीज बाहेरच्या कड्यांमधून जाते, ही मधली पिन फक्त "मी अमुक वॉटचा अडॅप्टर आहे" एवढं लॅपटॉपला सांगते. ती वाकली, किंवा वायर पिनेजवळ आतून तुटली (मी गुंडाळून ठेवताना तिथेच करकचून दुमडायचे), की वीज येते पण ओळख पटत नाही. मग लॅपटॉप बॅटरी चार्ज करणं बंद करतो आणि प्रोसेसर मुद्दाम हळू चालवतो. आमचा 2.6 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर जुन्या अडॅप्टरवर एकच्या आसपास रेंगाळत होता, नवा लावला की पुन्हा वर. चालू करताना एफ2 दाबून सेटिंगमध्ये (बायोस) गेलं की बॅटरीच्या पानावर अडॅप्टर किती वॉटचा तेही दिसतं, जुन्याला अननोन, नव्याला 90. ज्यांच्याकडे डेलचा जुना लॅपटॉप आहे त्यांनी दुकानात जायच्या आधी शेजाऱ्याचा, ऑफिसातल्या कुणाचाही तसलाच चांगला अडॅप्टर लावून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

सोमवारी दोघं दुकानात गेलो. मी शांतपणे विचारलं, दादा, मदरबोर्डवर नक्की काय बदललं, जुनी आयसी (चिप) दाखवा. म्हणाला आयसी ठेवत नाही आम्ही, पण काम मोठं होतं, तीन दिवस टेस्टिंगला चालू ठेवला होता. भाच्याने तिथेच इव्हेंट व्ह्यूअर उघडून दाखवला, विंडोज कधी चालू झालं कधी बंद झालं याची त्यात नोंद असते. दिला त्या संध्याकाळी पावणेसातला चालू, दोन तास चालला, आणि मग थेट मी न्यायला गेले त्या सकाळी. मधले दिवस कोरे. टेस्टिंग कुठे केलं? आणि पहिल्या संध्याकाळी दोन तास माझ्या मशीनवर कोण काय करत होतं, याने मला आजही झोप लागत नाही. त्याच रात्री मी बँकेचे, मेलचे, सगळे पासवर्ड बदलले. चार्जिंगच्या कामाला डिस्क लागतच नाही हो. या मॉडेलला बाजूचे दोन स्क्रू काढले की डिस्क ट्रेसकट बाहेर येते, ती घरी ठेवूनच मशीन द्यायला हवं होतं.

रॅमचं विचारलं तर आवाज चढला. "16 होती हे लिहून दिलंय का आम्ही? जॉब शीट दाखवा." मी 2020 चं बिल दाखवलं, त्यावर दोन्ही पट्ट्यांचे सीरियल नंबर आहेत. तर म्हणे ते बिल कुठल्या लॅपटॉपचं आम्हाला काय माहीत. बाकी गिऱ्हाइकं बघायला लागली तेव्हा म्हणाला उद्या मालक येतील.

घरी येऊन 1915 ला फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. मराठीत बोलता आलं. त्यांनी तक्रार नंबर दिला, यूपीआयची पावती, जॉब शीटचा फोटो, जुनं बिल, काट्यावरच्या बॅटरीचा फोटो सगळं अपलोड केलं. आठ दिवसांनी मालकांचा फोन आला, आवाज एकदम मऊ, "ताई, पोरांची चूक झाली, कशाला वाढवताय". मदरबोर्डचे 6,500 परत केले, यूपीआयनेच. रॅम आणि बॅटरीबद्दल मात्र अजून "बघतो" चालू आहे, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती या सरकारी वेबसाईटवरून तक्रार टाकलीय. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, वकीलही लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांपर्यंत करता येते. पक्कं बिल असतं तर माझं काम कितीतरी सोपं झालं असतं, 18 टक्के वाचवायला गेले आणि हातातला कागद घालवला.

लॅपटॉप आता ठीक चाललाय. पंखा आम्ही स्वतः साफ केला, रंगकामाचा मऊ ब्रश घेऊन, पंखा एका काडीने धरून ठेवून, आणि प्रोसेसरवरची सुकून खडू झालेली पेस्ट पुसून नवी लावली. तळहाताला चटका बसायचा तो बंद झाला. दोन रॅमच्या पट्ट्या पुन्हा विकत घेतल्या, जुन्याच, पण या वेळी दुकानदारासमोर बसून लावून बघितल्या आणि स्टिकरचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवले. तीन सेलची ती बॅटरी फुगते की काय या भीतीने काढून ठेवलीय, पुरावा म्हणून पत्र्याच्या डब्यात आहे, लॅपटॉप सध्या थेट विजेवर आणि इन्व्हर्टरवर चालतो. दिवाळी अंक चार दिवस उशिरा छापायला गेला.

नवा 90 वॉटचा अडॅप्टर माझ्याकडे आहे. सांगली-मिरजेत कुणाचा जुना डेल असाच हळू झाला असेल, चार्ज होत नसेल, तर दुकानात टाकायच्या आधी मला मेसेज करा, घरी या, लावून बघू.