मोफत पाणी तपासणी : पाचपैकी एक तारा

आरओ (पाण्यातले क्षार गाळून काढणारा फिल्टर) विकणारे सोसायटीच्या गेटवर फॉर्म भरून घेतात आणि दोन दिवसांनी घरी माणूस पाठवतात, त्या ‘मोफत तपासणी’बद्दल लिहितेय.

मुलगा वेळेवर आला, चपला बाहेर काढल्या, बोलणं गोड. एका ग्लासात आमचं नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं आरओचं. दोन्हींत दांड्यांचं यंत्र बुडवून बटण दाबलं. मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी, वर फेसकट गाळ. आरओचं होतं तसंच. “काकू, हे रोज तुमच्या पोटात जातं.” शेजारच्या वहिनी हबकल्याच.

मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. तो गाळ पाण्यातला नव्हेच, दांडीच्या लोखंडाचा. नळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यातून वीज वाहते आणि लोखंड झिजतं. आरओच्या पाण्यात क्षार जेमतेम, वीज वाहणार कशातून? मी मिठाचा डबा पुढे केला. “तुझ्या ग्लासात चिमूटभर टाक बाळा, आणि परत लाव.” इतका वेळ धडाधडा बोलणारा मुलगा अडखळला. “कंपनीची परवानगी नाही, काकू.” मग मीच टाकलं. तोही ग्लास गढूळ.

खोटं बोलणारा नजर चुकवतो म्हणे. हा शेवटपर्यंत डोळ्यांत डोळे घालून बोलत होता. (ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं त्यालाही खरंच वाटत असेल.) मला खटकलं ते वेगळंच. मीटरवर आमच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) शंभराच्या आत आला, तर आकडा न वाचताच मीटर पुसून बॅगेत. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत बिनघोर चालतं. जंतूंचं काय, विचारलं तर गाडी पुन्हा टीडीएसवर. त्या मीटरला जंतू कळतच नाहीत. आणि सूट म्हणे फक्त आज संध्याकाळपर्यंत. ‘विचार करून सांगते’ म्हटल्यावर साहेबांना फोन लावून आणखी दोन हजार उतरवले.

एक तारा मुलाच्या वागणुकीला.

बोअर किंवा टँकरचं खारं पाणी असेल तर आरओचा विचार जरूर करा, पण आधी पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली लागते, घरची कोल्ड्रिंकची बाटली नेऊ नका.