जेल्को टोनआर्म : आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या टेक्निक्स एसएल-1200 एमके2 टर्नटेबलचा मूळचा आर्म (सुई धरून रेकॉर्डवर फिरणारा दांडा, म्हणजेच टोनआर्म) काढून गेल्या दसऱ्याला मी त्या जागी जेल्को एसए-750डी बसवला. जेल्कोने 2020 साली काम थांबवल्यामुळे आर्म वापरलेलाच घ्यावा लागला आणि तो बसवण्यासाठीची अ‍ॅल्युमिनियमची पाटी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत लेथवर करून घेतली. स्पिंडलच्या (तबकडीमधल्या खुंटीच्या) मध्यापासून आर्मच्या पिव्हटपर्यंत (तो ज्या बिंदूभोवती फिरतो तिथपर्यंत) 214 मिलिमीटर अंतर हवे होते आणि व्हर्नियरने मोजल्यावर ते अचूक भरले. कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला आणि तिच्या कंपनांचा विद्युत संकेत करणारा भाग, ऑडिओ-टेक्निकाचे मूव्हिंग कॉइल जातीचे एटी-ओसी9एक्सएमएल आहे. त्याची मायक्रोलिनियर सुई इतकी बारीक धारेची आहे की, गोल टोकाच्या सुईने पोटात घातलेल्या कोनातल्या चुका (आर्म कमानीत फिरतो, त्यामुळे सुई खाचेशी किंचित तिरपी होते) ती सरळ कानावर घालते.

पहिले दोन महिने मी नाराजच होतो. रेकॉर्डच्या सुरुवातीला तंबोऱ्याची जवारी पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू येई, पण लेबलजवळच्या खाचांत सुई पोहोचली की तार षड्जावर आवाज फाटू लागे. मी सुईचा दाब बदलला, अँटिस्केटिंग (आर्मला आत ओढणाऱ्या बळाविरुद्धचा तोल) बदलले, शेवटी कार्ट्रिजवरही संशय घेतला. आमच्या शेजारी यंत्रमागावर जॉबर म्हणून काम करणारे एक गृहस्थ राहतात. एका संध्याकाळी ते माझी खटपट पाहत उभे होते. मी ज्या छापील प्रोट्रॅक्टरवर (सुईची जागा आणि कोन जुळवण्याच्या कागदी मापावर) सुई जुळवत होतो, त्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, "सर, ह्या कागदावरची शंभर मिलिमीटरची रेघ मोजली का?" मी पोलादी पट्टी लावली. रेघ 97 मिलिमीटरची निघाली. झेरॉक्सच्या दुकानात छापताना चित्र पानात बसवण्यासाठी आपोआप लहान झाले होते, आणि त्या तीन टक्क्यांमुळे माझी सुई असायला हवी त्यापेक्षा सुमारे एक मिलिमीटर मागे राहिली होती.

नवा कागद बरोबर मापाने छापून घेतल्यावर सुईची जागा आणि कोन ठरवणाऱ्या लोफग्रेनच्या 1938 च्या गणिताप्रमाणे मांडणी केली. हेच गणित पुढे 1941 मध्ये बेरवाल्डने मांडले आणि बहुतेक जण त्याचीच शिफारस करतात. त्यात केंद्रापासून 66 आणि 120.9 मिलिमीटरवर कोनाची चूक शून्य होते. माझ्या आर्मला त्यासाठी 17.9 मिलिमीटर ओव्हरहँग (सुई स्पिंडलच्या पुढे जाते ते अंतर) लागतो, म्हणजे उत्पादकाने सांगितलेल्या 15 मिलिमीटरपेक्षा बराच जास्त. कार्ट्रिज हेडशेलच्या (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज धरणाऱ्या पट्टीच्या) खाचेत पुढे सरकवून किंचित आत वळवावे लागले. फाटणे खूपच कमी झाले, पण पूर्ण गेले नाही.

याचे कारण माझ्या संग्रहात होते. ख्यालाच्या एलपीवर बाजू विलंबिताने सुरू होते आणि द्रुत ताना नेमक्या लेबलजवळ येतात, म्हणजे सुईला खाचेचा माग काढण्याचे काम सर्वांत कठीण असते तिथेच गायक सर्वांत वेगात असतो. आतल्या भागात खाच सुईखालून कमी वेगाने सरकते, त्यामुळे कोनाची तेवढीच चूक तिथे जास्त विकृती करते. माझ्याकडच्या, कोलकात्याच्या डमडममधल्या ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्यातल्या कित्येक जुन्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रण केंद्रापासून 61-62 मिलिमीटरपर्यंत जाते. म्हणून मार्चमध्ये मी स्टीव्हन्सनच्या 1966 च्या मांडणीकडे वळलो. तिचे शून्यबिंदू 60.3 आणि 117.4 मिलिमीटरवर आहेत आणि माझ्या आर्मला ओव्हरहँग 16 मिलिमीटरच्या आसपास येतो. बाजूच्या मधल्या भागात तिची विकृती थोडी जास्त असते हे खरे, परंतु तिथे आलापी चाललेली असते आणि मला तरी फरक ऐकू आला नाही. शेवटच्या ताना मात्र आता एकेक स्वर सुटा ऐकवतात. पाश्चात्त्य रॉकच्या तबकड्या ऐकणाऱ्याने माझे ऐकू नये. त्याने लोफग्रेनवरच राहावे.

दाब मोजण्याचा किस्साही सांगायला हवा. मंगळवार पेठेतल्या एका ओळखीच्या सोनाराचा मिलिग्रॅम दाखवणारा काटा मी मागून आणला. त्याची वाटी पोलादी होती. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजमध्ये बळकट चुंबक असते, हे त्या क्षणी माझ्या लक्षात राहिले नाही. सुई वाटीपासून दोन-तीन मिलिमीटरवर असताना आर्म एकदम खाली ओढला गेला आणि माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. सुई वाचली. नंतर चुंबकाला न ओढणारा आणि रेकॉर्डच्याच उंचीवर मोजणारा छोटा काटा घेतला. दाब 2 ग्रॅमवर ठेवला होता. एप्रिलपासून दुपारी खोलीत 38 अंश होऊ लागल्यावर 1.9 केला, कारण उष्णतेने सुईमागचे रबर मऊ पडते. कंपनीने दिलेली मर्यादा 1.8 ते 2.2 ग्रॅम आहे. शेजारच्या मागांची धडधड पूर्वी जमिनीवरच्या टेबलातून येई. टर्नटेबल भिंतीतल्या फळीवर नेल्यावर ती थांबली.

आर्मबद्दल खरी तक्रार एकच आहे. उंची बदलायची तर कॉलरचा बारीक स्क्रू सैल करावा लागतो आणि तो सैल होताच खांब धप्पकन खाली बसतो. मी खालच्या फटीत पोस्टकार्डांची चवड ठेवून उंची धरतो. जुन्या, झिजलेल्या तबकड्यांसाठी डेनॉन डीएल-103 कार्ट्रिज लावलेले दुसरे हेडशेल तयार आहे, पण ते बसवताना उंची बदला, 2.5 ग्रॅम दाब द्या आणि काढताना पुन्हा सगळे पूर्ववत करा, एवढा सोहळा एका रेकॉर्डसाठी होत नाही. गेले दोन महिने ते डब्यातच आहे.