६०० घेऊ की ५००? लांब टेली घेण्याआधीचा हिशेब

दिवाळीनंतर नाशिकच्या मामेभावाचा फोन आला. "दादा, ६०० घेऊ की ५००?" हॅलो नाही, कसा आहेस नाही, थेट मिलिमीटर, म्हणजे टेली लेन्स दूरचं किती जवळ आणते तो आकडा. त्याच्याकडे निकॉनची डी७५०० बॉडी, म्हणजे कॅमेरा, आहे, सोबत १८-१४० ची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी). पक्ष्यांसाठी रविवारी नांदूर मध्यमेश्वर, हिवाळ्यात एकदा भिगवण, उन्हाळ्यात जमलं तर वाघासाठी ताडोबा. शिवाय लेक क्लबकडून क्रिकेट खेळते, तिचे फोटो हवेत. बजेट एका लांब झूमचं, आणि झालंच तर बॉडीही बदलायची तयारी. म्हणजे निकॉन, सोनी, कॅनन तिन्ही दारं उघडी. असे गिऱ्हाईक विरळा, म्हणून त्याला सांगितलं ते सगळं इथे लिहितो.

झूम लेन्सच्या नावात तीन गोष्टी असतात: कुठून सुरू होते, कुठे संपते आणि अ‍ॅपर्चर किती. अ‍ॅपर्चर म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक; त्याचा एफ आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त, आणि ५.६-६.३ म्हणजे सुरुवातीला ५.६, टोकाला ६.३. दुकानात गेलेला माणूस फक्त "कुठे संपते" एवढंच वाचतो. पैसे मात्र उरलेल्या दोन आकड्यांवर वाया जातात किंवा वसूल होतात.

मैदानात उतरलेले भिडू असे. सोनीची २००-६०० (एफ ५.६-६.३), २०१९ मध्ये आलेली, वजन २,११५ ग्रॅम. निकॉनची झेड माउंटची, म्हणजे मिररलेस (आरसा नसलेल्या) बॉडीवर बसणारी, १८०-६०० (तीही ५.६-६.३), २०२३ ची, कॉलर (ट्रायपॉडवर बसवायचं कडं) काढून १,९५५ ग्रॅम. कॅननकडे दोन: २०२० ची १००-५०० (४.५-७.१), कॉलरशिवाय १,३७० ग्रॅम, आणि २०२३ ची २००-८०० (६.३-९), २,०५० ग्रॅम. आणि पाचवी म्हणजे मामेभावाच्या आहे त्याच बॉडीवर बसणारी जुनी निकॉन २००-५००, २०१५ ची, सगळीकडे एफ ५.६, कॉलरसकट २,३०० ग्रॅम. सिग्मा आणि टॅमरॉनकडे नंतर येतो.

आधी सुरुवातीचा आकडा, कारण त्याच्यामुळे मी स्वतः रडलो आहे. ताडोबात मोहर्लीच्या बाजूला, सकाळी, सांबराचा कॉल (वाघ जवळ असल्याचा इशारा) झाला आणि गाइडने हात वर करून जिप्सी थांबवली. वाघीण उजवीकडच्या बांबूतून निघाली आणि रस्ता ओलांडून डावीकडे गेली. अंतर जेमतेम दहा मीटर. माझ्या हातात २०० ला सुरू होणारी लेन्स. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) बॉडीवर २०० मिलिमीटरला दहा मीटरवर फ्रेमची रुंदी भरते १.८ मीटर. आडवी चालणारी वाघीण शेपटीसकट त्यात मावत नाही. माझ्याकडे त्या सकाळचे पुढच्या अर्ध्या वाघिणीचे अठ्ठावीस फोटो आहेत. शेजारच्या सीटवरच्या काकांकडे १००-५०० होती. १०० ला तीच रुंदी ३.६ मीटर होते. त्यांच्या फोटोत वाघीण आहे, मागचा बांबू आहे, रस्त्यावरची चाकोरीसुद्धा आहे. डी७५०० सारख्या क्रॉप (लहान सेन्सरच्या) बॉडीवर तर २०० ला दहा मीटरवर १.२ मीटरही मिळत नाही. म्हणजे डोकं आणि खांदे.

आता उलट बाजू. खंड्या, म्हणजे आपला छोटा निळा खंड्या, चोचीसकट सोळा-सतरा सेंटिमीटरचा. तो पंधरा मीटरवर बसलाय. फुल फ्रेमवर ४०० ला तो फ्रेमच्या रुंदीचा जेमतेम आठवा भाग व्यापतो, ६०० ला सहावा, ८०० ला चौथा. इथे प्रत्येक मिलिमीटर कामाचा. नांदूर मध्यमेश्वरला मनोऱ्यावरून बघताना पक्षी याहून कितीतरी लांब असतात. तिथे कोणालाही ८०० चा मोह होणारच. पण ऊन चढलं की पाण्यावरची हवा लवलवायला लागते आणि शंभर मीटरवरचं बदक ८०० मधूनही पाण्यात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखं दिसतं. त्यावर लेन्स हे उत्तर नाही. लवकर उठणं किंवा जवळ जाणं हेच उत्तर, आणि जवळ जायचं तर भिगवणची नाव आहे.

प्रकाशाचा हिशेब जरा कोरडा आहे, पण करूनच टाकू. सकाळी गेट उघडल्यावरचा पहिला अर्धा तास. समजा १/५०० सेकंदाचा शटर हवा आणि एफ ५.६ ला कॅमेरा आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढली की फोटोत नॉइजचे दाणे वाढतात) ६४०० सांगतोय. त्याच क्षणी एफ ६.३ ला ८०००, ७.१ ला १०,०००, आणि ९ ला १६,०००. म्हणजे ५.६ आणि ६.३ मधल्या फरकासाठी झोप उडवून घेऊ नका, तो एक तृतीयांश स्टॉप आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). ६.३ आणि ९ मधला मात्र पूर्ण एक स्टॉप, दुप्पट आयएसओ. पहाटे तो दिसतो. वाघाच्या अंगावरचे केस आणि नॉइजचे दाणे यांच्यात फरक करता येत नाही इतपत दिसतो. उडणाऱ्या पक्ष्याला १/२००० लागतो, तिथे आणखी दोन स्टॉप गेले. मग ऊन वर येईपर्यंत थांबायचं.

कॅननवाल्यांची पंचाईत खरी इथेच. २००-८०० लेन्स ६०० च्या आसपास एफ ८ वर आलेली असते, जिथे सोनी-निकॉन ६.३ वर आहेत. त्याच्या बदल्यात वरचे २०० मिलिमीटर मिळतात. भर उन्हात तळ्यावर पक्षी काढणाऱ्याला हा सौदा झकास. जंगलात पहाटे-संध्याकाळ काढणाऱ्याला नाही. १००-५०० उलट: वजनाला हलकी, ७७ चा फिल्टर, ०.९ मीटरवरची फुलपाखरंही काढते, वाघ जवळ आला तरी मावतो. पण ५०० ला ७.१, आणि किंमत जास्त. अमेरिकेत ती आली तेव्हा २,६९९ डॉलरला होती, २००-८०० आली १,८९९ ला. आणखी एक मेख: १००-५०० वर एक्स्टेंडर (बॉडी आणि लेन्सच्या मधे बसून मिलिमीटर वाढवणारा तुकडा) लावला तर झूम ३०० च्या अलीकडे येतच नाही. ती लेन्स घेताना "पुढे एक्स्टेंडर घेऊ" हा विचार करत असाल तर सोडून द्या. मला विचाराल तर कॅननची बॉडी असलेल्याने, जंगल आणि प्रवास दोन्ही असेल तर, कर्ज काढून नाही पण थोडं थांबून १००-५०० घ्यावी.

झूम करताना लेन्स लांब होते की नाही, हे कागदावर किरकोळ वाटतं. सोनी २००-६०० आणि निकॉन १८०-६०० आतल्या आत झूम होतात. बाकीच्या पुढे नळीसारख्या बाहेर येतात. भिगवणच्या नावेत पहाटे तुम्ही बसलेले असता, समोर नावाडी उभा, शेजारी कोणाची तरी बॅग. नदी सुरय डोक्यावरून सूर मारतो, तुम्ही २०० वरून ६०० ला जाता. निकॉनमध्ये हा सगळा फेरा ७० अंशांचा, मनगटाची एक कलाटणी. जुन्या २००-५०० ला मधेच हात बदलावा लागतो, तोवर सुरय मासा घेऊन गेलेला असतो. शिवाय ताडोबातल्या एप्रिल-मेच्या धुळीत लांब होणारी लेन्स दर झूमला हवा आत ओढते, आणि हवेबरोबर काय येतं ते सांगायला नको.

वजनाबद्दल एकच सांगतो: दुकानात दोन किलोची लेन्स हातात घेऊन "अरे, काहीच नाही" म्हणू नका. दहा मिनिटं डोळ्याला लावून उभे राहा. दुकानदार बघेल, बघू द्या.

सिग्मा-टॅमरॉनचं थोडक्यात. जुन्या डीएसएलआरवर (आरशाच्या कॅमेऱ्यांवर) त्यांच्या १५०-६०० चांगल्या चालतात आणि सेकंड हँड भरपूर मिळतात. सोनीवर सिग्माची १५०-६०० स्पोर्ट्स खरोखर तोडीची आहे, पण सोनीच्या बॉडीवर बाहेरच्या लेन्सला सेकंदाला १५ फ्रेमच्या वर जाता येत नाही आणि टेलिकन्व्हर्टरही (म्हणजे एक्स्टेंडरच) लागत नाही. कॅननच्या फुल फ्रेम मिररलेसला थेट बसणारी त्यांची लांब ऑटोफोकस टेली नाहीच, अ‍ॅडॉप्टर लावून जुनी वापरायची.

आणि ६०० एफ ४? दहा लाखांच्या पुढचा विषय आहे. ज्याला परवडते तो हे वाचत नाही.

खेळाचं गणित वेगळं. क्रिकेटमध्ये सीमारेषेबाहेरून खेळपट्टी ६५ मीटर धरा. फुल फ्रेमवर ६०० ला फ्रेमची उंची तिथे २.६ मीटर, म्हणजे फलंदाज दोन तृतीयांश उंची भरतो, वर बॅट उचलायला जागा राहते. ४०० ला तो निम्म्याहूनही कमी. ८०० ला जेमतेम मावतो आणि पुल मारताना बॅट फ्रेमबाहेर जाते. म्हणून दिवसाच्या क्रिकेटला ६०० वर संपणारी झूम अगदी मापात बसते. कबड्डी आणि खो-खोचं इनडोअर मैदान असेल तर यातली एकही लेन्स नेऊ नका. कबड्डीचं अख्खं मैदान १३ बाय १० मीटर, दिवे पिवळट, तिथे ७०-२०० एफ २.८ हवी. एफ २.८ आणि ५.६ मध्ये चौपट प्रकाशाचा फरक आहे, तो कुठल्याही सॉफ्टवेअरने भरून निघत नाही.

सेकंड हँड २००-५०० बद्दल मामेभावाला मी सावध केलं, कारण मी स्वतः एकदा ओळखीतून लांब लेन्स घेऊन फसलो होतो. लेन्स बाहेरून नवी कोरी. घरी आल्यावर मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने आत मारला तर मधल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. फंगस, म्हणजे बुरशी. विकणाऱ्याचं घर समुद्राजवळ होतं आणि लेन्स चार पावसाळे कपाटात कपड्यांबरोबर ठेवलेली. तेव्हा टॉर्च मारल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं असताना बघायचं. आणि मुंबई-कोकणात राहणाऱ्याने लेन्सच्या बजेटमध्येच ड्राय कॅबिनेट (लेन्स कोरडी ठेवणारं कपाट) धरायचं, नंतर घेऊ म्हणून कोणी घेत नाही.

म्हणून त्याला म्हटलं, आधी भाड्याने आण. शनिवार-रविवारसाठी १८०-६०० आणि तिला चालणारी फुल फ्रेम बॉडी आणली, एक दिवस नांदूर मध्यमेश्वर, एक दिवस लेकीची मॅच. सोमवारी त्याचा फोन आला तेव्हा पहिलं वाक्य मिलिमीटरचं नव्हतं. "दंड भरून आले रे," म्हणाला. मॅचचे फोटो मात्र पाठवले: लेक कव्हर ड्राइव्हला वाकलेली, हेल्मेटच्या जाळीमागे डोळे चेंडूवर.

तो १८०-६०० कडेच गेला, निकॉनच्या फुल फ्रेम मिररलेसवर. सोनी घेतली असती तरी मी नको म्हटलं नसतं, दोघींत फरक उन्नीस-बीसचा. निकॉनच्या बाजूने वजन आणि त्याच्या बोटांना ओळखीचे झालेले मेन्यू, बास. जुनी डी७५०० विकायला निघाला होता, ती मी थांबवली. मे महिन्यात ताडोबाला तो पुढच्या आडव्या बारवर तांदळाने भरलेली बीन बॅग टाकून तिच्यावर १८०-६०० ठेवतो, आणि मांडीवर टॉवेलखाली डी७५००, १८-१४० लावलेली. वाघ दहा मीटरवर आला की तीच उचलायची.