जुनी बॉक्स्टर, चौदा महिने: धास्ती एका बेअरिंगची, खर्च भलतीकडेच

ऑक्टोबर २०२३ मध्ये मी बर्मिंगहॅमजवळच्या एका गृहस्थांकडून २००७ सालची पोर्शे बॉक्स्टर ही स्पोर्ट्स कार ९,२०० पौंडांना घेतली. २.७ लिटरचे इंजिन, मॅन्युअल गिअर, कापडी टप आणि ७२,००० मैलांची धाव असलेली ही गाडी आता ८१,००० मैलांवर आली आहे. या चौदा महिन्यांत पेट्रोल, विमा आणि रोड टॅक्स वगळून तिच्यावर ३,४४५ पौंड खर्च झाले. गाडी घेण्यापूर्वी सहा महिने ज्या दोषाच्या भीतीने मला झोप लागत नव्हती, त्याच्या खात्यावर यातला एक पेनीही गेलेला नाही. पैसे जिकडे गेले, त्या बाजूला खरेदीपूर्वी मी नीट पाहिलेही नव्हते, म्हणून हा अनुभव जरा विस्ताराने लिहितो.

आधी त्या भीतीविषयी. १९९७ ते २००८ या काळातील बॉक्स्टरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, खाली एक मधला दांडा असतो, ज्याला सगळे ‘आयएमएस’ म्हणतात. क्रँकशाफ्ट साखळीने त्याला फिरवतो आणि त्याच्या दोन्ही टोकांवरील साखळ्या कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, फिरवतात. या मधल्या दांड्याचे फ्लायव्हीलकडचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूचे, टोक ज्या बेअरिंगवर टेकलेले असते, ते आत ग्रीस भरून बंद केलेले असते. कालांतराने इंजिनातील तेल सीलमधून आत शिरते, ग्रीस धुऊन निघते आणि बेअरिंग झिजू लागते. ते पूर्ण निकामी झाले, तर साखळीचा ताळमेळ सुटतो, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन भंगारात जाते. अमेरिकेत २००१ ते २००५ या मॉडेल-वर्षांच्या गाड्यांवरून सामूहिक दावा दाखल झाला होता आणि २०१३ मध्ये त्यात तडजोड झाली. नव्या इंजिनासाठी मी ज्या गॅरेजांकडे भाव विचारला, त्यांचे आकडे गाडीच्या किमतीच्या आसपास आणि काही तर त्याहून वरचे होते. रोज रात्री असे वाचत बसल्यावर रस्त्यावरची प्रत्येक बॉक्स्टर आता फुटेल, मग फुटेल, असे वाटू लागते.

मात्र हेच वाचन थोडे शांतपणे केले, तर धोका सर्व वर्षांत सारखा नसल्याचेही कळते. २००६ नंतरच्या इंजिनांत हे बेअरिंग आकाराने मोठे आहे आणि ते निकामी झाल्याच्या तक्रारी बऱ्याच कमी आहेत. त्यात एक मेख आहे. आधीच्या गाड्यांत क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरतोच, तेव्हा त्याच वेळी जुने बेअरिंग काढून नवे बसवता येते. मोठे बेअरिंग मात्र इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय निघत नाही. म्हणजे धोका कमी, पण हातात उपायही काही नाही. २००९ च्या मॉडेलपासून इंजिनच नवे आले, त्यात हा दांडाच नाही, आणि त्या गाड्यांचा भाव माझ्या ऐपतीपलीकडचा होता. ३.४ लिटरचे इंजिन मी जाणूनबुजून टाळले. सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे पडण्याचा दुसरा प्रसिद्ध दोष त्यात अधिक आढळतो आणि त्याचा खर्चही तितकाच जीवघेणा असतो. अशा रीतीने २००७, २.७ लिटर आणि कागदपत्रे पूर्ण, इतकी अट घालून मी शोध सुरू केला.

ब्रिटनमध्ये जुनी गाडी घेणाऱ्याच्या हाती एक उत्तम साधन फुकट मिळते, ते म्हणजे एमओटीचा इतिहास. तीन वर्षांवरील जवळपास प्रत्येक गाडीची दरवर्षी सक्तीची तपासणी होते आणि तिचा निकाल सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकताच दिसतो. त्यात मैलांचा आकडा असतो, नापासाची कारणे असतात आणि ‘आता चालेल, पण लक्ष ठेवा’ या स्वरूपाच्या सूचनाही असतात. माझ्या मते या सूचना सर्वांत बोलक्या. मी पाहिलेली पहिली बॉक्स्टर एका विक्रेत्याच्या आवारात आरशासारखी चमकत होती. तिच्या इतिहासात ओळीने दोन वर्षे ‘इंजिनाखाली तेलाची गळती’ अशी नोंद होती आणि तिसऱ्या वर्षी ती नोंद नाहीशी झाली होती. गळती कोणी, कधी आणि कशी थांबवली, याचे बिल विक्रेत्याकडे नव्हते. सर्व्हिसच्या पुस्तकात शिक्के मात्र भरपूर. शिक्का कोणीही मारू शकतो. कोणते सुटे भाग बदलले आणि किती तास लावले, हे फक्त बिल सांगते. मी नमस्कार करून निघालो.

माझ्या गाडीच्या मालकांनी एक जाडजूड फाईल समोर ठेवली. तिच्यात २००९ पासूनची बिले होती, अगदी वायपरच्या पात्यांचीसुद्धा. तरीही मी २४० पौंड देऊन याच बनावटीच्या गाड्यांवर काम करणाऱ्या एका स्वतंत्र मेकॅनिककडून तिची तपासणी करून घेतली. त्याने गाडीच्या संगणकातून दोन आकडे काढले. एक, इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवले गेले, म्हणजे कोणी चुकून पाचव्याऐवजी तिसऱ्यात गिअर टाकला होता का. दुसरा, इंजिन एकूण किती तास चालले. हे तास २,३०० होते. ७२,००० मैलांना या तासांनी भागले की ताशी साधारण ३१ मैलांची सरासरी येते आणि शहर-महामार्ग मिळून चाललेल्या गाडीला ती शोभते. मीटर मागे फिरवलेला असता, तर ही सरासरी खाली घसरली असती. साध्या भागाकाराने मिळालेला हा दिलासा मला फार मोलाचा वाटला.

गाडी घरी आली त्या संध्याकाळी सांगलीहून बाबांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी आयुष्यभर स्वतःच्या गाड्यांचे प्लग स्वतः साफ केले आहेत. ते म्हणाले, “अरे, बॉनेट उघड आणि इंजिन दाखव आधी.” मी पुढचे झाकण उघडले, आत डिकी. मागचे झाकण उघडले, तिथेही डिकी, आणि तिच्यात तेल व कूलंट भरण्याची दोन टोपणे. इंजिन सीटच्या मागे, गाडीच्या पोटात असते आणि टप उचलून, गालिचा काढून, पत्रा खोलल्याखेरीज ते दिसत नाही. बाबा क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, “म्हणजे दिसत नाही तेही तू विकत घेतलंस.” ते थट्टेत बोलले, पण या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च वाढण्याचे एक मुख्य कारण त्यांनी अचूक सांगितले होते. साध्या हॅचबॅकमध्ये जे काम वरून हात घालून वीस मिनिटांत होते, त्यासाठी इथे गाडी लिफ्टवर चढवावी लागते.

आता प्रत्यक्ष खर्च. सर्वांत मोठा आकडा टायरांचा आहे, चार टायर आणि चाकांची अलाइनमेंट मिळून ७९० पौंड. मेकॅनिकने टायरच्या भिंतीवरचा चार अंकी शिक्का मला बोट ठेवून दाखवला, ४११४, म्हणजे २०१४ सालचा एकेचाळिसावा आठवडा. नक्षी खोल होती, एमओटीला ते पास झाले होते, पण नऊ वर्षांचे रबर लाकडासारखे कडक झाले होते आणि पावसात गोल चौकातून बाहेर पडताना मागची चाके सुटू पाहत होती. कमी चालवलेल्या गाडीचे टायर झिजत नाहीत, ते म्हातारे होतात, हे मला तोवर सुचलेच नव्हते. याच वृद्धत्वामुळे सस्पेन्शनच्या आर्मचे रबरी बुश गेले होते, त्यासाठी ४१० पौंड लागले. मागच्या ब्रेकच्या डिस्क आणि पॅड ४६५. गाडीच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना, जाळ्यांच्या आड, रेडिएटर आणि त्यांच्या पुढे एसीचे कंडेन्सर बसवलेले असतात. बंपर काढला तेव्हा दोन्हीकडून मिळून सुमारे अर्धी बादली कुजलेला पालापाचोळा निघाला. ओली पाने आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ यांनी कंडेन्सर खाऊन टाकले होते. दोन्ही बदलायला ६४० पौंड पडले. वर्षातून एकदा बंपर काढून व्हॅक्यूम फिरवला असता, तर हे पैसे वाचले असते.

पानांनी मला आणखी एक धडा दिला, तो मात्र फुकटात. नोव्हेंबरच्या एका सकाळी गाडीत बसलो, तर पायाखाली गालिचा पचपचला. टप मिटून जिथे बसतो, त्या पोकळीच्या दोन्ही कोपऱ्यांत पावसाचे पाणी वाहून जाण्याची भोके असतात. गाडी झाडाखाली उभी राहत असल्याने ती बुजली होती. गवत कापण्याच्या यंत्रातील नायलॉनची लवचिक दोरी हलक्या हाताने आत सरकवल्यावर काळा चिखल खाली गेला आणि चाकामागून पाण्याची धार लागली. गालिचा वाळवायला तीन दिवस हीटर चालवावा लागला.

तिसरा प्रसंग सर्वस्वी माझ्या चुकीचा. पाच आठवडे भारतात जाऊन आलो, तर बॅटरी पूर्ण उतरलेली. बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि त्या डिकीचे कुलूप विजेवर उघडते. म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच. हँडबुकात वाचल्यावर कळले की, पायाशी असलेल्या फ्यूज बॉक्समध्ये एक टोक बाहेर ओढता येते. त्याला दुसऱ्या बॅटरीची धन तार लावायची, ऋण तार दाराच्या बिजागरीच्या धातूला लावायची आणि किल्लीवरचे बटण दाबायचे. ते मी पहाटे सहा वाजता केले. वीज मिळताच गाडीला पहिली आठवण झाली ती आपल्या अलार्मची, आणि अख्खी गल्ली जागी झाली. समोरच्या आजीबाई ड्रेसिंग गाउनमध्ये खिडकीत आल्या. नवी बॅटरी १२५ पौंड. गाडी उभी असताना लावून ठेवायचा चार्जर वाढदिवसाला भेट मिळाला, म्हणून तो हिशेबात नाही.

उरलेल्या रकमेपैकी तीन वेळा तेल बदलण्याचे ७२० पौंड आणि एमओटीचे ५५. महिन्याला सरासरी २४६ पौंड होतात. हा आकडा ऐकून माझी बायको म्हणाली, “एवढ्यात नव्या गाडीचा हप्ता आला असता.” ते खरे आहे. गाडी ९,२०० पौंडांची असली, तरी तिचे सुटे भाग आणि मजुरी नव्या गाडीच्या किमतीच्या हिशेबाने येतात आणि नवी असताना ती तीस हजारांच्या पुढची होती. घेताना मी ४,००० पौंड वेगळ्या खात्यात ठेवले होते, त्यातले ५५५ शिल्लक आहेत. हे खाते नसते, तर कंडेन्सरच्या बिलापाशीच माझा धीर सुटला असता आणि गाडी तोट्यात विकली गेली असती. ब्रिटनमध्ये घेणाऱ्यांनी रोड टॅक्सही आधी पाहावा. २३ मार्च २००६ रोजी किंवा त्यानंतर नोंदवलेल्या आणि प्रति किलोमीटर २२५ ग्रॅमपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या गाड्यांचा वार्षिक कर त्याआधीच्या तशाच गाड्यांपेक्षा पुष्कळ जास्त आहे आणि हा फरक केवळ नोंदणीच्या तारखेवर ठरतो.

एवढे सोसून मिळते काय, हे सांगितल्यावाचून हा अनुभव अपुरा राहील. मे महिन्यात स्नेक पास या डोंगरातल्या रस्त्यावरून ग्लॉसॉपच्या बाजूला उतरत होतो. टप उघडा, दोन्हीकडे मेंढ्यांची कुरणे आणि पाठीमागे हातभर अंतरावर आडव्या सहा सिलिंडरचा आवाज. इंजिनाच्या मिनिटाला चार हजार फेऱ्यांनंतर तो आवाज घोगऱ्याचा खणखणीत होतो. वळणात गाडी आपल्या कमरेभोवती फिरल्यासारखी वाटते, कारण सगळे वजन मध्यावर आहे. वेग फार नव्हता, पुढे एक ट्रॅक्टरही होता. तरी घरी येऊन मी खर्चाची वही उघडली नाही.

बेअरिंगची धास्ती पूर्ण गेली, असे मात्र म्हणवत नाही. दर चार हजार मैलांनी तेल बदलताना मी मेकॅनिककडून जुना फिल्टर मागून घेतो. घरी त्याची कागदी घडी कात्रीने कापतो, पांढऱ्या कागदावर पसरतो आणि टॉर्च व लोहचुंबक घेऊन एकेक चुणी तपासतो. बेअरिंग झिजत असेल, तर पोलादाचे चमकणारे कण इथेच आधी दिसतात. पहिले दोन फिल्टर स्वच्छ होते. तिसरा मागच्या रविवारी उघडला, तेव्हा बायको चहा घेऊन आली आणि तिने विचारले, “सापडलं का काही?” एका चुणीत तिळाएवढा तपकिरी कण होता. चुंबकाला तो चिकटला नाही, नखाने दाबल्यावर किंचित वाकला. साखळी ज्या प्लॅस्टिकच्या पट्टीवरून सरकते, तिचा असावा, असे मेकॅनिक फोनवर म्हणाला आणि पुढचे तेल तीन हजारांवर बदलायला सांगितले. तो कण मी पारदर्शक चिकटपट्टीखाली कागदावर बसवला, शेजारी तारीख आणि ८०,४१२ हा आकडा लिहिला आणि कागद बिलांच्या फाईलमध्ये लावून ठेवला.