अळवावरचे पाणी पसरवणारा सिलिकॉन स्प्रेडर

फवारणीच्या पाण्यात मिसळण्याचा सिलिकॉन स्प्रेडर मी गेले काही महिने वापरत आहे. बाटलीवर ठळक अक्षरांत ‘स्टिकर’ असे छापले आहे आणि बोलतानाही सगळे त्याला स्टिकरच म्हणतात. प्रत्यक्षात हे द्रव्य औषध पानाला चिकटवत नाही, तर पाणी पानावर पसरवते. या दोन कामांतला फरक लक्षात न आल्यामुळेच ‘पाऊस आला आणि सगळे धुऊन गेले’ अशी तक्रार त्याच्या माथी मारली जाते, असे माझे मत झाले आहे.

पहिली परीक्षा मी अळूच्या पानावर घेतली. अळवावरचे पाणी आपण क्षणभंगुर गोष्टींसाठी म्हणतो, पण ते तसे का वागते याचे कारण साधे आहे. त्या पानावर मेणाचे अतिसूक्ष्म उंचवटे असतात, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की अशा पृष्ठभागावर पसरण्याऐवजी ते गोळा होऊनच राहतात. ही पकड म्हणजे पृष्ठताण. २० अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२.८ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. साध्या पाण्याचा थेंब पान जरासे कलते करताच घरंगळून गेला आणि मागे ओल्याचा मागमूसही उरला नाही. लिटरमागे अर्धा मिलिलिटर स्प्रेडर घातलेल्या पाण्याचा थेंब मात्र क्षणभर गोल दिसला, मग त्याची कड खाली बसली, आणि पाहता पाहता तो शिरेपर्यंत पातळ पसरला. पान उलटे धरले तरी तो ओला पट्टा जागच्या जागी राहिला. हे पाहून मला खरोखर आनंद झाला.

भांडी घासण्याच्या साबणाने हे होणार नाही का, असे कुणीही विचारील, म्हणून तेही करून पाहिले. साबणाच्या पाण्याचा थेंब चपटा झाला, पण तेवढ्यावरच थांबला. दोन्ही द्रव्यांच्या रेणूचे एक टोक पाण्यात रमते आणि दुसरे पाण्यापासून दूर पळते, त्यामुळे ते रेणू पृष्ठभागावर दाटी करतात आणि पाण्याची पकड ढिली पडते. फरक आहे तो पळणाऱ्या टोकात. साबणात ते हायड्रोकार्बनच्या साखळीचे असते आणि पृष्ठताण साधारण ३० ते ४० पर्यंत उतरतो. सिलिकॉनचे मिथाइल गट एकमेकांना आणखी दुबळे ओढतात, त्यामुळे तो २० ते २२ पर्यंत खाली जातो. शिवाय साबणाचा फेस पंपात भरतो, तो त्रास वेगळाच. स्प्रेडरलाही फेस येतो, म्हणून तो सर्वांत शेवटी घालून हलक्या हाताने ढवळावा.

मात्रा वाढवली की परिणामही वाढतो, हे मात्र मला पटले नाही. ड्रॉपरमधून सावकाश सुटणाऱ्या थेंबाचे वजन पृष्ठताणाच्या प्रमाणात असते, हा नियम थॉमस टेट यांनी १८६४ मध्ये मांडला. त्याच्या आधाराने घरीच मोजणी करता येते. माझ्या ड्रॉपरमधून एक मिलिलिटर साध्या पाण्याचे २० थेंब पडले, स्प्रेडरच्या पाण्याचे पन्नासच्या वर. मात्रा दुप्पट केल्यावर ही संख्या जवळजवळ हललीच नाही. पृष्ठभाग एकदा भरला की जादा रेणू पाण्यातच एकमेकांशी पुंजके करून बसतात, त्यांना मायसेल म्हणतात, आणि पृष्ठताण त्यापुढे उतरत नाही. एकदा हट्टाने दुप्पट मात्रा फवारली तेव्हा द्रावण पानांवरून ओघळून गेले आणि कोवळ्या पानांच्या कडा करपल्या. एवढ्या कमी पृष्ठताणाचे पाणी पर्णरंध्रांतूनही आत शिरू शकते, ही बाब बाटलीवर लिहिलेली असायला हवी होती.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. या रेणूतील सिलिकॉन-ऑक्सिजनचा सांधा आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी पाण्यात हळूहळू तुटतो. सामू (पाणी किती आम्ल वा अल्क आहे ते सांगणारा pH) साधारण ६ ते ८ असेल तरच तो टिकतो. उरलेले द्रावण मी तीन दिवस ठेवले होते, पाणी अल्कधर्मी होते, आणि चौथ्या दिवशी तोच थेंब अळूवर पुन्हा गोल बसला. बाटलीवर सामूचा उल्लेख नाही, आणि मूळ सक्रिय घटक किती टक्के आहे तेही सांगितलेले नाही, त्यामुळे दोन बाटल्यांची तुलना करायची झाल्यास ड्रॉपरच हाती घ्यावा लागतो.

कांद्याची पात, कोबी, अळू अशा मेणचट पानांसाठी मी हा स्प्रेडर पुन्हा घेईन, फक्त लागेल तेवढेच द्रावण त्याच दिवशी करीन. ज्या पानांवर साधे पाणीच नीट पसरते, तिथे तो घालण्याचे मला काही कारण दिसत नाही.