बोस्टन फायर म्युझियम: दारावर ३८ आणि ३९, बंब मात्र डी स्ट्रीटवर

३४४ काँग्रेस स्ट्रीटची ही पिवळसर विटांची इमारत १८९१ची. इंजिन ३८ आणि ३९ या बंबांसाठी बांधलेली, म्हणून दरवाजे दोन. १९७७ मध्ये अग्निशमन दल साउथ बोस्टनच्या डी स्ट्रीटवर नव्या स्टेशनात गेलं आणि रिकाम्या इमारतीत पुढे संग्रहालय आलं. साउथ स्टेशन या रेल्वे स्थानकापासून पायी दहा-बारा मिनिटं. उघडण्याचे दिवस मोजकेच असतात, आधी खात्री करा.

१७९३चा हातपंप सगळे बघतात, पण खरा ऐवज धोक्याच्या सूचनेची यंत्रणा. तारेवरची अशी शहरव्यापी यंत्रणा बोस्टनने १८५२ मध्ये जगात प्रथम बसवली. रस्त्यावरच्या सूचना-पेटीतला दांडा ओढला की स्प्रिंगवर दातेरी चाक फिरतं, दाते तारेतला प्रवाह तोडतात-जोडतात आणि स्टेशनात घंटेचे तेवढे ठोके पडतात. पेटी क्र. ५२ म्हणजे पाच ठोके, विराम, दोन ठोके. एकाच तारेवरच्या दोन पेट्या एकदम ओढल्या की ठोके एकमेकांत मिसळत. नंतरच्या पेट्यांत हा दोष काढला.

बोस्टनच्या मोठ्या आगीच्या वेळी, ९ नोव्हेंबर १८७२ला ५२ क्रमांकच वाजला, पण उशिरा. खोट्या सूचना टाळायला पेट्यांना कुलूप असे. त्यात घोडे साथीने आजारी, बंब माणसांनी ओढले, ७७६ इमारती जळाल्या.

जागा लहान आहे, तासभर पुरे. यंत्रांची आवड नसलेल्यांनी शेजारचं चिल्ड्रन्स म्युझियम गाठावं.