खुर्ची जागच्या जागी, आई मात्र पुढे: व्हॅनमधल्या व्हीलचेअर-किटचा अनुभव

व्हीलचेअर व्हॅनच्या तळाला बांधून ठेवणारा हा किट मजबूत आहे, यात वादच नाही. चारही पट्टे तळावर बसवलेल्या ट्रॅकमध्ये अडकवून मागचे दोन रॅचेटने आवळले की आईची खुर्ची बोटभरही हलत नाही. पुणे-सातारा आमचं सतत येणं-जाणं. अख्ख्या पावसाळ्यात पट्टे ना गंजले, ना सैल पडले. विचारेल त्याला मी हाच किट सांगत होते.

मग खंबाटकीत पुढच्या टेम्पोने एकदम ब्रेक मारला. खुर्ची होती तिथेच राहिली आणि आई सीटवरून घसरून थेट फुटरेस्टवर आली. खुर्चीचा वेल्क्रो पट्टा उघडला होता. नशिबाने फक्त गुडघे खरचटले.

विक्रेत्याचं उत्तर: "मॅडम, किट खुर्चीसाठी आहे. पेशंटला खुर्चीचा बेल्ट असतोच की!" तो वेल्क्रो नीट बसता यावं म्हणून असतो, धक्का झेलायला नाही. खोक्यावर आयएसओ १०५४२ छापलंय. त्या मानकात खुर्चीचे पट्टे आणि माणसाचा पट्टा दोन्ही येतात, आणि चाचणी ताशी ४८ किमीच्या धडकेची, साधारण २० जीची (वजनाच्या वीसपट जोराची) असते. म्हणजे साठ किलोच्या माणसाचा क्षणभर बाराशे किलोइतका जोर. वेल्क्रो तो कसा झेलणार?

कमरेचा-खांद्याचा पट्टा शेवटी वेगळे पैसे मोजून बसवला. फिटरने तो आर्मरेस्टवरून घेतला! तसा घेतला की पट्टा अंगाला लागत नाही, मध्ये पोकळी राहते आणि धक्का पोटावर बसतो. तो आर्मरेस्टच्या खालून, मांडीच्या मुळाशी, कमरेच्या हाडावर बसायला हवा. आमच्या खुर्चीची बाजू बंद पत्र्याची, त्यामुळे पट्टा आत जाईना. निघणाऱ्या आर्मरेस्टची खुर्ची घ्यावी लागली. एवढ्या एका आर्मरेस्टवरून मी घरात, फिटरशी, ड्रायव्हरशी भांडले आहे आणि पुढेही भांडेन.

हुक चाकाला किंवा फुटरेस्टला लावू देऊ नका, फ्रेमलाच लावा. खुर्चीचं तोंड पुढे. आणि माणूस उचलून गाडीच्या सीटवर बसवता येत असेल, तर तेच जास्त सुरक्षित.

पट्ट्यांना पाच तारे, विक्रेत्याला एक. घेणार असाल तर माणसाचा पट्टा बिलावर लिहून घ्या, आणि फिटिंगच्या दिवशी माणसाला खुर्चीत बसवून तो लावून पाहिल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका.